मेरू आणि हिमालय : विभूतियोगाचे तीन श्लोक व दिल्लीची एक टेकडी

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायाचा पाठ नित्य करणारे भाविक पुष्कळ आहेत. परंतु विभूतींची मालिका म्हणताना जीभ जितक्या वेगाने पुढे जाते तितक्या वेगाने मन जात नाही, असाच बहुतेकांचा अनुभव असेल. एकामागून एक नावे येतात, प्रत्येक नावापुढे भगवान् 'तो मी आहे' असे सांगतात आणि आपण पुढच्या नावाकडे वळतो. नावांचा क्रम पाठ होतो, अर्थ मात्र मागे राहतो. यास्तव या पाठात आपण त्या मालिकेतील केवळ तीन श्लोक, म्हणजे २३, २४ व २५ हे श्लोक, अभ्यासासाठी घेणार आहोत.

या तीन श्लोकांत एकंदर अकरा विभूती आहेत. तेविसाव्या श्लोकात रुद्रांमधील शंकर, यक्षराक्षसांमधील कुबेर, वसूंमधील अग्नी आणि शिखरे धारण करणाऱ्यांमधील मेरू या चार विभूती येतात. चोविसाव्यात पुरोहितांमधील बृहस्पती, सेनापतींमधील स्कंद आणि जलाशयांमधील सागर या तीन आहेत. पंचविसाव्यात महर्षींमधील भृगू, वाणीमधील एकाक्षर प्रणव, यज्ञांमधील जपयज्ञ आणि स्थावरांमधील हिमालय या चार आहेत. वाचकांनी पोथी उघडून हे श्लोक एकदा सावकाश वाचावेत व मग पुढील विवेचनाकडे वळावे.

आता यांतील पाच नावे वेगळी काढून पाहा : शंकर, शिखर, स्कंद, प्रणव आणि स्थावर पर्वत. ही पाचही एकत्र नांदतात असे एक आधुनिक देवस्थान आपल्या राजधानीत, दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, एका खडकाळ टेकडीवर उभे आहे. त्या टेकडीच्या पायथ्याशी या तीन श्लोकांचा जो अर्थ मला शिकावा लागला, तोच या पाठाचा विषय होय.

टेकडी आणि मंदिर

दिल्ली हे सपाट मैदानातील नगर आहे अशी दूरस्थांची समजूत असते. वस्तुतः अरवली पर्वताची उत्तरेकडील शेवटची टोके दिल्लीत येऊन पोहोचली आहेत. तेथील लोक त्या उंचवट्यास 'रिज' म्हणतात. राष्ट्रपतिभवन ज्या रायसीना टेकडीवर आहे ती याच रांगेतली. बाभळी-बोरीची काटेरी झाडी, तांबूस करड्या रंगाचे कठीण खडक, पहाटे मोरांची केका आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडांवरून येणारा वारा, हे त्या भूमीचे रूप आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी वसविलेल्या रामकृष्णपुरम् या भागात अशाच एका टेकडीच्या माथ्यावर श्रीस्वामिनाथस्वामींचे मंदिर आहे. त्याचे विधियुक्त नाव 'उत्तर स्वामिमलै' असे असून लोकांच्या तोंडी ते 'मलै मंदिर' म्हणून रूढ आहे. 'मलै' हा तमिळ शब्द. त्याचा अर्थ डोंगर. नोकरीनिमित्त उत्तरेत येऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबांनी आपल्या कुलदैवतासाठी दिल्लीत एक डोंगर शोधला. १९६५ साली कोनशिला बसली आणि १९७३ साली मुख्य मंदिराचा कुंभाभिषेक झाला. मुख्य देवालय पाषाणाचे व चोल शैलीचे आहे. त्याच परिसरात श्रीगणेश, सुंदरेश्वर म्हणजे शिव आणि मीनाक्षी म्हणजे पार्वती यांचीही देवालये आहेत. ती मदुरेच्या पांड्य परंपरेस अनुसरून बांधलेली आहेत. माता, पिता व ज्येष्ठ बंधू अशा परिवारासह कुमार माथ्यावर उभा आहे.

या मंदिराचे मूळ पीठ कावेरीतीरी कुंभकोणम् नगराजवळचे स्वामिमलै. मुरुगन् म्हणजे स्कंद याची जी सहा प्रमुख स्थाने तमिळ देशात मानली जातात, त्यांतील हे एक. तेथे निसर्गाने डोंगर दिला नव्हता, म्हणून भाविकांनी तो रचला. वर जाण्यास साठ पायऱ्या आहेत आणि त्या आपल्या पंचांगातील प्रभवादी साठ संवत्सरांच्या मानल्या जातात. एक पायरी म्हणजे एक संवत्सर. माथ्यावर पोहोचणारा जणू कालाचे एक संपूर्ण चक्र ओलांडून देवासमोर उभा राहतो.

त्या स्थानाची कथाही प्रसिद्ध आहे. बालस्कंदाने ब्रह्मदेवास प्रणवाचा अर्थ विचारला. सृष्टिकर्त्यास तो सांगता आला नाही, म्हणून कुमाराने त्यास बंदीत टाकले. त्याच्या सुटकेसाठी स्वतः शंकर आले आणि 'मग तुला तरी तो अर्थ ठाऊक आहे काय?' असे त्यांनी पुत्रास विचारले. कुमार म्हणाला, 'ठाऊक आहे. पण तो शिष्याला सांगावयाचा असतो.' तेव्हा महादेवांनी मस्तक लववून, मुलाच्या मुखाशी कान नेऊन प्रणवाचा उपदेश घेतला. स्वामीचाही नाथ झाला तो स्वामिनाथ.

पायरीवरचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी कार्तिक महिन्यात माझी मावशी पुण्याहून दिल्लीस आली होती. दहाव्या अध्यायाचा पाठ तिने लहानपणी वडिलांकडून घेतला, तो आजवर चुकलेला नाही. एका सकाळी मी तिला या मंदिरात नेले. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताना तिने सहज विचारले, "देव कोणता रे इथला?" मी म्हणालो, "कार्तिकस्वामी." तिने पाऊल तत्काळ मागे घेतले.

महाराष्ट्रीय वाचकांस याचे कारण सांगावयास नको. आपल्याकडे कार्तिकस्वामी हे ब्रह्मचारी दैवत मानले असून स्त्रियांनी एरवी त्यांचे दर्शन घेऊ नये, कार्तिकी पौर्णिमेस कृत्तिका नक्षत्राचा योग असता घ्यावे, अशी रूढी आहे. पुण्याच्या पर्वतीवरही कार्तिकस्वामींचे मंदिर आहे आणि त्या योगाची वाट पाहणाऱ्या स्त्रिया मावशीने जन्मभर पाहिलेल्या होत्या. ती म्हणाली, "आज कृत्तिका नाहीत. तुम्ही वर जाऊन या. मी इथेच बसते." आणि पायरीच्या कडेला बसून तिने तुळशीची माळ काढली.

आम्ही वर गेलो. दर्शन झाले, प्रदक्षिणा झाली. माथ्यावरून नगराचा विस्तार दिसत होता. तो पाहण्यात आणि कोणते घर कोणीकडे हे एकमेकांस दाखविण्यात आमची बरीच घटका गेली. खाली आलो तेव्हा मावशीच्या शेजारून केसांत फुले माळलेल्या तमिळ सुवासिनी मुलांचे हात धरून वर जात होत्या आणि तिची माळ चालूच होती. ती पुरी झाल्यावर तिने मला विचारले, "अरे, तू गीतेचा अर्थ लिहितोस ना? मग मला सांग, भगवंताने आधी मेरू सांगितला आणि लगेच पुढे हिमालय सांगितला. डोंगर दोनदा का?"

मी चटकन उत्तर दिले, "दोन्ही श्रेष्ठ पर्वत, म्हणून." ती म्हणाली, "श्रेष्ठ दोन कसे असतील? बाकी कोणाला दोनदा नाव दिलेले मला तरी आठवत नाही."

त्या रात्री मी माझ्या भाषांतराची वही उघडली. तेविसाव्या श्लोकाखाली 'पर्वतांमध्ये मेरू' आणि पंचविसाव्याखाली 'पर्वतांमध्ये हिमालय' असे माझ्याच हस्ताक्षरात होते. वीस वर्षे ज्या विद्येत घालविली तीत इतका उघड दोष मला दिसला नव्हता; पायरीवर बसलेल्या एका वृद्धेस तो दिसला. शंकरांनी पुत्रापुढे मस्तक लवविले त्या कथेचे मर्म मला त्या रात्री थोडे कळले.

शिखरी आणि स्थावर

मूळ श्लोकांत दोन ठिकाणी दोन भिन्न शब्द आहेत. मेरू हा 'शिखरिन्' या वर्गातला सांगितला आहे. शिखर ज्यास आहे तो शिखरिन्. आचार्य शंकरांनी भाष्यात हाच अर्थ दिला आहे. येथे मोजमाप उंचीचे आहे. शिखरे असणाऱ्या सर्वांत जो उंच, तो मेरू.

हिमालय मात्र 'स्थावर' या वर्गातला आहे. येथे उंचीचा संबंधच नाही. आचार्यांनी या शब्दाचा अर्थ 'स्थितिमत्' असा केला आहे. म्हणजे ज्यांच्या ठिकाणी स्थिती आहे, जे टिकून राहतात ते. व्याकरणदृष्ट्या पाहता हा शब्द 'स्था' धातूस 'वरच्' प्रत्यय लागून सिद्ध होतो. पाणिनीने हा प्रत्यय तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सांगितला असून तो स्वभाव दाखविणाऱ्या प्रत्ययांच्या प्रकरणात येतो. तेव्हा स्थावर म्हणजे केवळ 'उभा असलेला' नव्हे. उभे राहणे हाच ज्याचा स्वभाव, तो स्थावर. त्याच सूत्राने 'ईश्' धातूपासून 'ईश्वर' आणि 'भास्' धातूपासून 'भास्वर' हे शब्द होतात. सत्ता चालविणे हा ज्याचा स्वभाव तो ईश्वर, प्रकाशणे हा ज्याचा स्वभाव तो भास्वर, त्याचप्रमाणे न ढळणे हा ज्याचा स्वभाव तो स्थावर.

आता मावशीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. भगवंतांनी पर्वत दोनदा सांगितलेला नाही. पर्वताचे दोन गुण दोन ठिकाणी सांगितले आहेत : मेरूच्या रूपाने उंची आणि हिमालयाच्या रूपाने स्थिरता. पहिल्या गुणाने मनुष्य वर पाहतो, दुसऱ्या गुणाने तो उभा राहतो. माझ्या वहीत मी 'शिखरे असणाऱ्यांमध्ये मेरू' आणि 'अढळ राहणाऱ्यांमध्ये हिमालय' अशी दुरुस्ती केली.

या दोन गुणांत साधकाला अधिक उपयोगाचा कोणता? उंची डोळ्यांस दिसते, म्हणून ती मोहक आहे. डोंगरावरच्या देवस्थानाची ओढ प्रथम उंचीमुळेच लागते. जेजुरीच्या पायऱ्या चढताना, सप्तशृंगीच्या गडावर जाताना, केदारनाथाची वाट चालताना आपण हा अनुभव घेतो. छाती भरून येते, पाय थकतात आणि संसार खाली राहिल्यासारखा वाटतो. परंतु ही उंची आपल्याबरोबर घरी येत नाही. ज्या पायऱ्यांनी चढलो त्याच पायऱ्यांनी उतरावे लागते. घरी आणता येते ती स्थिरता. म्हणूनच विभूती सांगताना भगवान् मेरूपाशी थांबले नाहीत असे मला वाटते.

स्थिर तोच आश्रय

येथे एक शंका येईल. आजचे भूशास्त्र सांगते की हिमालय हा तरुण पर्वत आहे. भारताचा भूभाग आशियाच्या भूभागास भिडल्यामुळे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी त्याची घडण सुरू झाली आणि आजही तो दरवर्षी काही मिलिमीटर वर येत आहे. उलटपक्षी दिल्लीपर्यंत आलेली अरवली जगातील अतिप्राचीन पर्वतांत गणली जाते. ती एके काळी उंच होती, आता झिजून ठेंगणी झाली आहे. मग जो हलतो त्यास स्थावर कसे म्हणावे?

या शंकेस कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त सुंदर समाधान सापडते. हे काव्य याच स्कंदाच्या जन्मासाठी रचलेले असून त्याचा आरंभ हिमालयाच्या वर्णनाने होतो. सहाव्या सर्गात सप्तर्षी पार्वतीस मागणी घालण्यासाठी हिमालयाकडे येतात, तेव्हा ते त्यास म्हणतात की, तुला स्थावररूपी विष्णू म्हणतात ते योग्यच आहे. कारण चर आणि अचर अशा सर्व भूतांना तुझ्या उदरात आधार मिळाला आहे. गीतेतील विभूतीचेच हे काव्यमय विवरण होय. कालिदासाच्या दृष्टीने हिमालय स्थावर आहे तो जड आहे म्हणून नव्हे, तर इतरांना आधार देतो म्हणून. नद्या त्याच्यापासून निघतात, वनस्पती त्याच्या अंगावर रुजतात, पशुपक्षी व तपस्वी त्याच्या कुशीत राहतात. जो स्वतः इतका डळमळीत की इतरांना टेकता येत नाही, तो उंच असूनही स्थावर नाही. ज्याला टेकून दुसरा उभा राहू शकतो, तो आतून वाढत असला तरी स्थावरच आहे.

देवस्थान हे आश्रयस्थान असते ते याच अर्थाने. दिल्लीची ती झिजलेली टेकडी हिमालयापुढे काहीच नाही. पण परप्रांतात आलेल्या, भाषा वेगळी असलेल्या, सणावारी आपले गाव आठवून व्याकूळ होणाऱ्या कुटुंबांना तिने टेकू दिला. तैप्पूसम् आणि दिवाळीनंतरची स्कंदषष्ठी यांना आता दूर कावेरीतीरी जावे लागत नाही. ही त्या टेकडीची स्थावरता होय.

प्रणव आणि जप

पंचविसाव्या श्लोकात हिमालयाच्या अगदी शेजारी जपयज्ञ येतो, त्याच्याही आधी एकाक्षर प्रणव येतो. हा शेजार अर्थपूर्ण आहे. प्रणव ही वाणीतली विभूती, जप ही कर्मातली आणि हिमालय ही सृष्टीतली. तिन्हींचा धर्म एक : विस्तार टाकून एका ठिकाणी राहणे. सगळी वाणी एका अक्षरात स्थिर झाली की प्रणव. सगळे कर्म एका नामात स्थिर झाले की जप. सगळी भूमी एका ठिकाणी दृढ झाली की हिमालय.

इतर यज्ञांस वेदी लागते, समिधा लागतात, द्रव्य व ऋत्विज लागतात. जपयज्ञास यांतील काहीच लागत नाही आणि त्यात कोणत्याही प्राण्यास पीडा होत नाही. त्यास डोंगरही लागत नाही. त्या सकाळी आम्ही माथ्यावर होतो आणि नगर पाहत होतो. मावशी पायथ्याशी होती आणि तिची माळ चालू होती. शिखराची विभूती आमच्या वाट्यास आली, जपाची व स्थिरतेची तिच्या वाट्यास. तिन्ही श्लोकांचा पाठ त्या दिवशी पूर्ण झाला तो दोघांचा मिळून. आमचा एकट्याचा झाला असता तर अपुराच राहिला असता.

द्वार कोणासाठी?

परंतु एवढ्यावर हा पाठ संपवला तर मी वाचकांची फसवणूक केल्यासारखे होईल. 'पायथ्याशी बसूनही तिला सर्व मिळाले' हे वाक्य गोड आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. ज्यांना आपण दाराबाहेर ठेवतो त्यांच्याविषयी असे गोड बोलणे फार सोपे असते.

दोन दिवसांनी मावशीनेच विषय काढला. "त्या बायका रोज वर जातात. त्यांचे काही वाईट होत नाही. मग आमचेच का?" मी तिला सांगितले की, तमिळ देशात हाच देव वल्ली आणि देवसेना या दोन पत्नींसह पूजिला जातो. एकाच देवाचे एका प्रांतात ब्रह्मचारी रूप, दुसऱ्या प्रांतात गृहस्थ रूप. दर्शनाचा नियम त्या त्या रूपास धरून लोकांनी केला. तो लोकाचार आहे. व्रत म्हणून कोणी तो पाळू इच्छील तर त्याचा उपहास करू नये. मात्र गीतेत त्यास आधार शोधू गेल्यास सापडत नाही. सापडतो तो उलट बाजूचा. नवव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या श्लोकात भगवान् सांगतात की, सर्व भूतांच्या ठिकाणी मी सारखाच आहे, मला कोणी नावडता नाही आणि कोणी आवडताही नाही. पुढे बत्तिसाव्या श्लोकात ज्यांना तत्कालीन समाजाने मागे ठेवले होते त्यांची नावे घेऊन, त्यांत स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख करून, माझा आश्रय केला असता तेही परमगती पावतात असे वचन दिले आहे. आश्रय हाच तेथे निकष आहे. जन्म नाही, लिंग नाही.

मावशीने ऐकून घेतले, काही बोलली नाही. पुढच्या मंगळवारी तिने आपण होऊन मंदिरात जाण्याचे काढले आणि एकेक पायरी थांबत थांबत ती माथ्यावर गेली. गाभाऱ्यासमोर ती बराच वेळ उभी होती. उतरल्यावर मी विचारले, "कसे वाटले?" ती म्हणाली, "वर काय आणि खाली काय, जप तोच."

हे वाक्य ती त्या दिवशी पायथ्याशीही म्हणू शकली असती. परंतु वर जाऊन आल्यावर ते म्हटले यात फार मोठे अंतर आहे. 'खाली बसूनही तेच मिळते' हे खाली बसणाऱ्याने म्हणावे. त्याला खाली बसविणाऱ्याने ते म्हणू नये. पहिले ज्ञान आहे, दुसरे निमित्त आहे. गीतेच्या अभ्यासकाने हा विवेक कधीही सोडू नये.

दिल्लीच्या रिजलाच पाठ टेकून उभे असलेले दुसरे एक देवस्थान याची साक्ष देते. बिर्ला कुटुंबाने बांधविलेले लक्ष्मीनारायण मंदिर १९३९ साली पूर्ण झाले. त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले, ते मंदिर सर्व जातींच्या लोकांस खुले राहील या अटीवर. हरिजनांना देवालयाची दारे बंद असण्याचा तो काळ होता. त्या मंदिराच्या परिसरात गीताभवनही आहे. ज्या ग्रंथात भगवान् सर्वांस समान असल्याचे सांगतात, त्या ग्रंथाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूस याहून योग्य शेजार कोणता असणार? डोंगराची पाठ आणि उघडे दार, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. किंबहुना असलीच पाहिजेत.

विविक्त देश

शेवटी एका शब्दाचा विचार करून हा पाठ आवरू. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी 'विविक्त' म्हणजे एकांत, शुद्ध स्थानाची आवड हे एक लक्षण सांगितले आहे. डोंगरावरच्या देवस्थानांची योजना याच आवडीतून होते. परंतु मलै मंदिराच्या दोन्ही बाजूंनी आज वाहनांची अखंड ये-जा असते, वरून विमाने जातात, सणाच्या दिवशी पाय ठेवण्यास जागा नसते. मग विविक्त देश उरला कोठे?

'विविक्त' हा शब्द 'वि' उपसर्गपूर्वक 'विच्' धातूपासून होतो. 'विवेक' हा शब्दही त्याच धातूचा. विविक्त म्हणजे निवडून वेगळे केलेले. तेव्हा जेथे मनुष्य नाही ते विविक्त असे नसून, जेथे मनाने सार व असार निवडले ते विविक्त. लोकांना वगळून मिळालेला एकांत हा विविक्त देश नव्हे. आपल्या मनातील गलका वगळून मिळालेला एकांत हा विविक्त देश होय. गीता स्वतः सांगितली गेली ती दोन सैन्यांच्या मध्ये, शंखांच्या व नगाऱ्यांच्या घोषात, हे विसरून चालणार नाही. आणि सहाव्या अध्यायात ध्यानासाठी आसन सांगताना भगवंतांनी ते फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे असे सांगितले आहे. मेरूला विभूती म्हणणारे भगवान् साधकाला मात्र उंच आसन देत नाहीत. ज्यावरून मन ढळणार नाही असे आसन देतात.

तात्पर्य असे. डोंगरावरील देवस्थानास अवश्य जावे; उंची ही भगवंताचीच विभूती आहे. परंतु उतरताना तेथील स्थिरता बरोबर आणावी. आणि आपल्या घराच्या, आपल्या देवळाच्या, आपल्या मनाच्या पायथ्याशी आपण कोणास बसवून ठेवले आहे काय, हे पाहावे. ज्याच्या आधाराने दुसरा वर चढतो तो स्थावर. आणि तो स्थावर मी आहे असे भगवान् सांगतात.

मननासाठी

दहाव्या अध्यायातील २३ ते २५ हे श्लोक सात दिवस सावकाश वाचावेत. रोज एका विभूतीवर थांबून ती कोणत्या गुणामुळे विभूती ठरली याचा विचार करावा. त्यानंतर अठराव्या अध्यायाचा एकसष्टावा श्लोक वाचावा. सर्व भूतांच्या हृदयात ईश्वर राहतो असे तेथे सांगितले आहे. शिखरावर ज्याचे दर्शन घेतले तो आणि पायरीवर शेजारून जाणाऱ्याच्या हृदयात असलेला, हे दोघे एकच आहेत असे ज्या दिवशी चढताना आठवेल, त्या दिवशी हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.